‘नेहमी’, ‘कधी कधी’ आणि ‘परत’: इंग्रजी वाक्यात वारंवारता मांडण्याचा योग्य क्रम

फोंड्यातील संध्याकाळच्या वर्गात माझ्यासमोर बसणारी बहुतेक मंडळी मराठी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली असतात. हॉटेलच्या स्वागतकक्षात, औषधांच्या दुकानात किंवा बांधकाम कंपनीच्या कार्यालयात ती रोज इंग्रजी वापरतात आणि ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’ हे शब्द त्यांना उत्तम ठाऊक असतात. तरीही त्यांच्या पत्रांत ‘ऑलवेज द लिफ्ट इज नॉट वर्किंग’ किंवा ‘आय ॲम डेली गोइंग टू मडगाव’ अशी वाक्ये येतातच, कारण चूक शब्दाची नसून कामाच्या क्रमाची असते. मराठी वाक्यातील ‘नेहमी’ किंवा ‘रोज’ हा शब्द आधी भाषांतरित होतो, तो जिथे सुचेल तिथे बसवला जातो आणि उरलेले वाक्य त्याच्याभोवती कसेबसे रचले जाते. प्रत्यक्षात वारंवारतेचा शब्द सर्वांत शेवटी बसवायचा असतो. पुढील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने करावेत.

तयारी: दहा वाक्यांची वही

पुस्तकातील तयार वाक्यांवर सराव करू नये. गेल्या आठवड्यात आपण खरोखर बोललेली किंवा लिहिलेली दहा मराठी वाक्ये वहीत उतरवावीत. ती कामाची, घरची, प्रवासाची, तक्रारीची अशी वेगवेगळी असावीत. घरी कोकणी बोलत असाल तर कोकणी वाक्ये घेतली तरी चालतील, कारण पुढे येणारे बरेचसे खड्डे दोन्ही भाषांना सामाईक आहेत.

प्रत्येक वाक्यातील क्रियापद अधोरेखित करावे आणि वारंवारतेच्या शब्दाभोवती गोल काढावा. त्यानंतर वाक्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटात अंदाजे वारंवारता सांगणारी वाक्ये येतात, म्हणजे ‘नेहमी’, ‘वरचेवर’, ‘अधूनमधून’, ‘क्वचित’ असे शब्द असलेली. दुसऱ्या गटात मोजलेली वारंवारता येते: ‘आठवड्यातून दोनदा’, ‘दर सोमवारी’, ‘दिवसाआड’. तिसऱ्या गटात ‘परत’, ‘पुन्हा’, ‘तिसऱ्यांदा’ अशी पुनरावृत्ती येते. ही विभागणी टाळणारा विद्यार्थी चौथ्या टप्प्यावर हमखास अडतो, कारण तिन्ही गटांची वाक्यातील जागा वेगवेगळी असते.

टप्पा १: आधी क्रियापदाचा काळ ठरवा

गोल काढलेल्या शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि उरलेले वाक्य पाहा. ती सवय आहे, की आत्ता या क्षणी चाललेली गोष्ट आहे? ‘मी रोज मडगावला जातो’ ही सवय आहे, म्हणून इंग्रजीत साधा वर्तमानकाळ येतो: ‘आय गो टू मडगाव एव्हरी डे.’ मराठीत आपण ‘मी रोज जात असतो’ असेही म्हणतो आणि त्या ‘असतो’मुळे ‘आय ॲम गोइंग’ लिहिण्याचा मोह होतो. मराठीतील ‘जात असतो’ हे रूप सवयच सांगते. इंग्रजीतील ‘ॲम गोइंग’ हे रूप मात्र चालू क्षण, तात्पुरती स्थिती किंवा ठरलेला बेत सांगते. दोन्ही रूपे वरून सारखी दिसतात, पण त्यांचे काम वेगळे आहे.

भूतकाळातही असेच घडते. ‘लहानपणी आम्ही फेरीबोटीने दिवाडीला जायचो’ या वाक्याचे इंग्रजी ‘वी वेअर गोइंग’ असे होत नाही. संपलेल्या सवयीसाठी ‘यूज्ड टू’ हे रूप आहे: ‘ॲज चिल्ड्रन, वी यूज्ड टू गो टू दिवाड बाय फेरी.’ मराठीतील ‘जात असे’, ‘जायचो’ ही रूपे दिसली की ‘यूज्ड टू’ आठवावे.

एक अपवाद माहीत असायला हवा. ‘तो सारखा किल्ल्या हरवतो’ या वाक्यात नुसती वारंवारता नसून वैतागही आहे. तो वैताग दाखवण्यासाठी इंग्रजीत ‘ऑलवेज’सोबत चालू काळ वापरतात: ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज.’

सावध: वैताग नसताना ही रचना वापरू नये. एका विद्यार्थिनीने आपल्या वरिष्ठांविषयी कौतुकाने ‘शी इज ऑलवेज चेकिंग माय वर्क’ असे लिहिले होते आणि वाचणाऱ्याला ती तक्रार वाटली. ‘शी ऑलवेज चेक्स माय वर्क’ एवढेच पुरेसे होते.

टप्पा २: नकार मोजा आणि एकच ठेवा

मराठीत ‘तो कधीच येत नाही’ असे म्हणताना ‘कधीच’ हा शब्द स्वतः नकारार्थी नसतो. नकार ‘नाही’मध्ये असतो. कोकणीतील ‘तो केन्नाच येना’ या वाक्याची घडण अशीच आहे. इंग्रजीतील ‘नेव्हर’मध्ये मात्र नकार भरलेला असतो. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की ‘ही डझन्ट नेव्हर कम’ असे दोन नकारांचे वाक्य तयार होते, आणि प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. ‘ही नेव्हर कम्स’ हे पुरेसे आहे. ‘कोणीच कधी विचारत नाही’ या वाक्यात नकार ‘नोबडी’मध्ये आला, म्हणून पुढे ‘नेव्हर’ऐवजी ‘एव्हर’ येते: ‘नोबडी एव्हर आस्क्स.’

‘रेअरली’, ‘सेल्डम’ आणि ‘हार्डली एव्हर’ हे तिन्ही शब्द अर्थाने नकाराकडे झुकलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यासोबतही ‘डोन्ट’ किंवा ‘डझन्ट’ लावू नये. ‘तो फारसा बाहेर पडत नाही’ याचे इंग्रजी ‘ही रेअरली गोज आउट’ असे होते. मराठीतला ‘नाही’ इंग्रजीत दिसत नाही आणि तेच बरोबर आहे.

याउलट ‘तो नेहमी येत नाही’ हे मराठी वाक्य संदिग्ध असल्याने आधी अर्थ पक्का करावा. काही दिवस येतो आणि काही दिवस येत नाही, असे म्हणायचे असेल तर ‘ही डझन्ट ऑलवेज कम.’ अजिबात येत नसेल तर ‘ही नेव्हर कम्स.’ पूर्वी येत होता आणि आता ती सवय सुटली असेल तर ‘ही नो लाँगर कम्स.’ ‘ही ऑलवेज डझन्ट कम’ हे वाक्य मात्र कोणत्याही अर्थाने लिहू नये.

पडताळणी: वाक्यातील नकारार्थी शब्द मोजा. एकापेक्षा अधिक निघाले तर दुसरा काढा.

टप्पा ३: मराठी शब्दाचा नेमका अर्थ फोडा

इंग्रजी शब्दांची उतरंड साधारण अशी आहे: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, ऑकेजनली, रेअरली, हार्डली एव्हर, नेव्हर. काही तक्त्यांत यांच्यासमोर टक्केवारी छापलेली असते. ती पाठ करण्यात वेळ घालवू नये, कारण इंग्रजी बोलणारे लोक असा हिशेब मनात ठेवून बोलत नाहीत. शब्दांचा क्रम लक्षात राहिला की काम भागते. खरी अडचण मराठीच्या बाजूने येते, कारण आपले काही शब्द एकाच वेळी दोन कामे करतात.

‘नेहमी’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. ‘मी नेहमी सातच्या कदंबाने जातो’ असे म्हणणारा माणूस महिन्यातून चार वेळा दुसऱ्या बसने गेलेला असतो. बोलण्यात ‘ऑलवेज’ खपून जाते, पण लेखी कामात, विशेषतः अहवालात किंवा तक्रारीत, एकही अपवाद नसेल तरच ते लिहावे. एरवी ‘युज्वली’ लिहावे. आपण ‘ऑलवेज’ लिहिले आणि समोरच्याने एक अपवाद दाखवला, तर सगळी तक्रार दुबळी पडते.

‘बहुतेक’ हा शब्द त्याहून अधिक फसवा आहे. ‘बहुतेक वेळा मी घरीच जेवतो’ यात वारंवारता आहे, तर ‘तो बहुतेक उद्या येईल’ यात केवळ शक्यता आहे. पहिल्यासाठी ‘युज्वली’ किंवा ‘मोस्टली’, दुसऱ्यासाठी ‘प्रॉबेब्ली’. ‘मोस्टली ही विल कम टुमॉरो’ हे वाक्य मी गोव्यात जवळजवळ रोज ऐकतो आणि ते दर वेळी चूक असते, कारण एका माणसाचे एकदाच येणे ‘बहुतांशी’ होऊ शकत नाही. ‘ही विल प्रॉबेब्ली कम टुमॉरो’ असे म्हणावे.

‘कधी’ या शब्दातून ‘व्हेन’ही निघते आणि ‘एव्हर’ही. ‘तू दिवाडीला कधी गेलास?’ हा वेळेचा प्रश्न आहे: ‘व्हेन डिड यू गो टू दिवाड?’ ‘तू कधी दिवाडीला गेला आहेस का?’ हा अनुभवाचा प्रश्न आहे: ‘हॅव यू एव्हर बीन टू दिवाड?’ होकारार्थी साध्या विधानात ‘एव्हर’ घालू नये. ‘आय हॅव एव्हर सीन इट’ असे वाक्य होत नाही. तसेच ‘कधी कधी’साठी ‘समटाइम्स’ आणि ‘केव्हातरी’साठी ‘समटाइम’ असा फरक आहे, म्हणजे शेवटच्या एका अक्षराने अर्थ बदलतो. पाहुण्याला ‘प्लीज व्हिजिट अस समटाइम्स’ लिहिले तर ‘अधूनमधून या’ असे होते. ‘केव्हातरी या’ म्हणायचे असेल तर अंत्य ‘एस’ गाळावा.

‘सारखा’ किंवा ‘सतत’ या शब्दांना दोन छटा आहेत. खंड न पडता चाललेल्या गोष्टीसाठी ‘कंटिन्युअसली’ आणि थांबून थांबून पुन्हा घडणाऱ्या गोष्टीसाठी ‘कंटिन्युअली’ असा भेद काळजीपूर्वक लिहिणारे पाळतात. जुलैतला पाऊस सहा तास न उघडता पडला, तर ‘इट रेन्ड कंटिन्युअसली फॉर सिक्स अवर्स.’ दिवसभर फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला, तर ‘कंटिन्युअली.’ हा भेद लक्षात राहत नसेल तर ‘कीप’ वापरावे. ‘वीज सारखी जाते’ याचे सर्वांत सहज इंग्रजी ‘द पॉवर कीप्स गोइंग ऑफ’ हेच आहे.

सावध: ‘हार्डली’ हे ‘हार्ड’चे क्रियाविशेषण समजू नये. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो मेहनत करतो आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. शिफारसपत्रात ही चूक झाली तर उमेदवाराचे नुकसान होते.

टप्पा ४: अंदाजे वारंवारतेचा शब्द जागेवर बसवा

हा टप्पा घाईने करू नये, कारण पहिल्या गटातील वाक्यांचे यश यावर अवलंबून आहे. मराठीत ‘नेहमी तो उशिरा येतो’, ‘तो नेहमी उशिरा येतो’ आणि ‘तो उशिरा येतो नेहमी’ ही तिन्ही वाक्ये चालतात, कारण शब्दांची नाती विभक्ती आणि क्रियापदाची रूपे सांभाळतात. इंग्रजीत ते काम शब्दांच्या जागेला करावे लागते, म्हणून तेथे मोकळीक थोडी.

पहिला प्रश्न: वाक्यात एकच, साधे क्रियापद आहे का? असल्यास शब्द कर्त्यानंतर आणि क्रियापदाच्या आधी येतो: ‘द फेरी युज्वली लीव्हज ऑन टाइम.’

दुसरा प्रश्न: ते क्रियापद ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांपैकी आहे का? मग शब्द त्याच्या नंतर येतो: ‘द फेरी इज युज्वली ऑन टाइम.’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. पाहिजे तर भिंतीवर लावावीत. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक गोंधळ एवढ्याने मिटतो.

तिसरा प्रश्न: सहायक क्रियापदे आहेत का? असल्यास शब्द पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतो, मग पुढे कितीही क्रियापदे असोत. ‘यू मस्ट ऑलवेज वेअर अ हेल्मेट.’ ‘द रोड हॅज ऑफन बीन क्लोज्ड इन द मॉन्सून.’ दुसऱ्या वाक्यात ‘हॅज’ आणि ‘बीन’ अशी दोन सहायक क्रियापदे आहेत आणि ‘ऑफन’ हा शब्द पहिल्यानंतरच येतो.

‘हॅव टू’ आणि ‘यूज्ड टू’ दिसायला सहायक क्रियापदांसारखी असली तरी त्यांच्या बाबतीत शब्द साधारणपणे त्यांच्या आधी ठेवावा. ‘आय युज्वली हॅव टू चेंज बसेस ॲट फोंडा’, ‘वी ऑलवेज यूज्ड टू बाय फिश ॲट द जेटी.’

नकार असेल तर ‘ऑलवेज’ आणि ‘ऑफन’ हे शब्द ‘डोन्ट’ किंवा ‘डझन्ट’च्या नंतर येतात, परंतु ‘समटाइम्स’ त्यांच्या आधी येतो: ‘आय डोन्ट ऑफन ईट आउट’, पण ‘द बस समटाइम्स डझन्ट स्टॉप हिअर.’ ‘युज्वली’ दोन्हीकडे चालतो. आज्ञार्थी वाक्यात ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ अगदी सुरुवातीला येतात: ‘ऑलवेज लॉक द गेट’, ‘नेव्हर स्विम हिअर ड्युरिंग द मॉन्सून.’ समुद्रकिनाऱ्यावरील सूचनाफलक वाचताना याकडे लक्ष द्यावे.

वाक्याच्या आरंभी काय चालते, हे अनेकांना हवे असते. ‘युज्वली’, ‘नॉर्मली’, ‘समटाइम्स’ आणि ‘ऑकेजनली’ आरंभी चालतात. विधानाच्या आरंभी ‘ऑलवेज’ ठेवू नये. ‘नेव्हर’, ‘रेअरली’ आणि ‘सेल्डम’ आरंभी आले की पुढचा क्रम प्रश्नासारखा उलटतो: ‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन.’ ही रचना भाषणात शोभते. रोजच्या पत्रात ती वापरू नये, असे माझे मत आहे, कारण क्रम उलटायचा विसर पडला की चूक ठळकपणे दिसते.

क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये हा शब्द कधीही घालू नये. ‘आय ड्रिंक ऑफन टी’ चूक, ‘आय ऑफन ड्रिंक टी’ बरोबर.

पडताळणी: आता पुन्हा शब्दावर बोट ठेवून वाक्य वाचा. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द शिरल्यामुळे क्रियापदाचा प्रत्यय विसरला जातो आणि ‘शी ऑलवेज कम लेट’ असे लिहिले जाते. बोटाखाली ‘ऑलवेज’ झाकले की ‘शी कम लेट’ उरते आणि राहून गेलेला ‘एस’ लगेच जाणवतो.

टप्पा ५: मोजलेली वारंवारता वाक्याच्या शेवटी न्या

दुसऱ्या गटातील वाक्यांना चौथ्या टप्प्याचा नियम लागू होत नाही. ‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’, ‘वन्स अ मंथ’ हे शब्दसमूह क्रियापदाच्या आधी येत नाहीत. ते वाक्याच्या शेवटी जातात, आणि भर द्यायचा असेल तरच आरंभी. पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारा, सकाळी आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत येतो, त्याचे इंग्रजी ‘द पोदेर कम्स ट्वाइस अ डे’ असे होते. ‘ट्वाइस इन अ डे’मधला ‘इन’ मराठीतील ‘दिवसातून’च्या प्रभावाने येतो, तो काढावा.

‘वन टाइम’ आणि ‘टू टाइम्स’ऐवजी ‘वन्स’ आणि ‘ट्वाइस’ लिहावे. तीनपासून पुढे ‘थ्री टाइम्स’, ‘फोर टाइम्स’. ‘थ्राइस’ भारतात प्रचलित आहे, पण बाहेरच्या वाचकाला तो जुनाट वाटतो. परदेशी पाहुण्यांशी पत्रव्यवहार असेल तर ‘थ्री टाइम्स’च लिहावे.

वाराच्या बाबतीत ‘दर’ म्हणजे ‘एव्हरी’ आणि त्याच्या आधी ‘ऑन’ लावण्याची गरज नाही. म्हापशाचा बाजार ‘एव्हरी फ्रायडे’ किंवा ‘ऑन फ्रायडेज’ भरतो. मंगेशीला पालखी ‘एव्हरी मंडे’ निघते. दोन्ही रचना बरोबर आहेत, मात्र त्यांची सरमिसळ करू नये. मोठ्या अंतरासाठी ‘एव्हरी’पुढे आकडा येतो: जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे प्रदर्शन ‘एव्हरी टेन इयर्स’ किंवा ‘वन्स एव्हरी टेन इयर्स’ भरते, २०१४-१५ नंतर ते २०२४-२५ मध्ये भरले होते.

यानंतरचा भाग विशेष जपून वाचावा, कारण येथील चूक व्याकरणाची नसून हिशेबाची असते आणि म्हणून ती लक्षातही येत नाही. मराठीत आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. ‘आठ दिवसांनी या’ असे सोमवारी सांगितले तर माणूस पुढच्या सोमवारी येतो. इंग्रजी वाचणारा मात्र अक्षरशः मोजतो. ‘कम आफ्टर एट डेज’ लिहिले तर तो मंगळवारी येईल. म्हणून ‘दर आठ दिवसांनी’ याला ‘एव्हरी वीक’ आणि ‘दर पंधरा दिवसांनी’ याला ‘एव्हरी टू वीक्स’ किंवा ‘एव्हरी फोर्टनाइट’ लिहावे. फोर्टनाइट म्हणजे चौदा दिवस.

‘दिवसाआड’ म्हणजे ‘एव्हरी अदर डे’, अर्थात ‘एव्हरी सेकंड डे’: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. ‘दोन दिवसांआड’ म्हणजे ‘एव्हरी थर्ड डे’: सोमवार, गुरुवार, रविवार. ‘दोन दिवसांआड’चे भाषांतर ‘एव्हरी टू डेज’ असे केले तर मधला एक दिवस कमी होतो. पाण्याचा टँकर, औषध किंवा कामाची पाळी यांविषयी लिहिताना शक्य तर वारांची नावेच लिहावीत.

सावध: ‘बायवीकली’ हा शब्द आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. तो टाळावा. ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा आणि ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. हे दोन शब्दही सहज एकमेकांच्या जागी पडतात, म्हणून ‘ट्वाइस अ इयर’ आणि ‘एव्हरी टू इयर्स’ लिहिणे सुरक्षित असते.

सावध: औषधाच्या सूचनेत ‘फोर टाइम्स अ डे’ आणि ‘एव्हरी सिक्स अवर्स’ एकच समजू नये. पहिल्या सूचनेत डोस सहसा जागेपणीच्या वेळात वाटले जातात, तर दुसरीत रात्रीचाही डोस येतो. भाषांतर करताना मूळ चिठ्ठीतील रचना तशीच ठेवावी आणि शंका असल्यास डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला विचारावे.

एका वाक्यात वारंवारता आणि वेळ दोन्ही असतील तर किती वेळा ते आधी आणि केव्हा ते नंतर: ‘द क्लास मीट्स थ्री टाइम्स अ वीक इन द इव्हनिंग.’ शेवटी लेखनाची एक बारीक गोष्ट. ‘एव्हरी डे’ हे दोन शब्द तोडून लिहिले की ‘रोज’ असा अर्थ होतो. जोडून लिहिलेले ‘एव्हरीडे’ हे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘रोजच्या वापरातले’ असा होतो.

टप्पा ६: ‘परत’ची फोड करा

मराठीत, आणि कोकणीतही, ‘परत’ या एका शब्दात ‘अगेन’ आणि ‘बॅक’ हे दोन्ही सामावलेले आहेत. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ‘परत’च्या जागी ‘पुन्हा’ ठेवून पाहावे. अर्थ तोच राहिला तर ‘अगेन’; बदलला तर ‘बॅक’. ‘त्याने परत विचारले’, ‘त्याने पुन्हा विचारले’: अर्थ तोच, म्हणून ‘ही आस्क्ड अगेन.’ ‘त्याने पैसे परत दिले’, ‘त्याने पैसे पुन्हा दिले’: अर्थ बदलला, म्हणून ‘ही गेव्ह द मनी बॅक.’ ‘मला परत फोन कर’ हे वाक्य मात्र दोन्ही अर्थांचे आहे. माझ्या फोनला उत्तर म्हणून तू फोन कर, असे असेल तर ‘कॉल मी बॅक’. आणखी एकदा कर, असे असेल तर ‘कॉल मी अगेन.’

‘रिटर्न’मध्ये ‘बॅक’ आधीच आहे, म्हणून ‘रिटर्न बॅक’ लिहू नये. ‘रिपीट’मध्ये ‘अगेन’ आधीच आहे. एकदा पुनरुक्ती झाल्यावर आणखी एकदा हवी असेल तरच ‘रिपीट अगेन’ योग्य ठरते. कार्यालयांत रुळलेले ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’ सोडून ‘प्लीज रिप्लाय’ लिहावे, कारण ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे.

‘अगेन’ची जागा कर्मानंतर, वाक्याच्या शेवटाकडे असते: ‘प्लीज सेंड इट अगेन.’ ‘प्लीज अगेन सेंड’ ही मराठी ‘कृपया परत पाठवा’ची सावली आहे. वाक्याच्या आरंभी स्वल्पविरामासह आलेले ‘अगेन’ बहुधा ‘शिवाय’ किंवा ‘आणखी एक मुद्दा’ अशा अर्थाने वाचले जाते.

आता ‘तिसऱ्यांदा’. ‘मी तिसऱ्यांदा फोन करतोय’ या वाक्याचे ‘आय ॲम कॉलिंग थर्ड टाइम’ हे रूप गोव्यातील प्रत्येक कार्यालयात ऐकू येत असावे. इंग्रजीत येथे वेगळी चौकट लागते: ‘धिस इज द थर्ड टाइम आय हॅव कॉल्ड.’ चौकटीचा पहिला भाग वर्तमानकाळात आणि दुसरा ‘हॅव’ असलेल्या पूर्ण काळात असतो. किती वेळा झाले एवढेच सांगायचे असेल तर ‘आय हॅव कॉल्ड थ्री टाइम्स.’ लेखी तक्रारीत ‘अगेन अँड अगेन’पेक्षा ‘रिपीटेडली’ अधिक भारदस्त वाटते, परंतु आकडा माहीत असेल तर आकडाच लिहावा. तारखांसह लिहिलेल्या ‘थ्री टाइम्स’पुढे कोणतेही क्रियाविशेषण फिके पडते.

टप्पा ७: प्रश्न विचारताना

‘किती वेळा’साठी दोन रचना आहेत. सवय विचारायची असेल तर ‘हाउ ऑफन’ आणि ठरावीक मुदतीतील मोजणी विचारायची असेल तर ‘हाउ मेनी टाइम्स’. ‘हाउ ऑफन डू यू गो टू पणजी?’ याचे उत्तर ‘वन्स अ वीक’; ‘हाउ मेनी टाइम्स डिड यू गो लास्ट मंथ?’ याचे उत्तर ‘फोर टाइम्स’. दोन्हींत ‘डू’ किंवा ‘डिड’ लागतेच; ‘हाउ मेनी टाइम्स यू गो?’ असे विचारू नये. हो-नाही प्रश्नात शब्द कर्त्यानंतर येतो: ‘डू यू ऑफन वर्क ऑन संडेज?’, ‘इज द ऑफिस युज्वली ओपन बाय टेन?’ यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला छोटे उत्तर देताना शब्द ‘इज’च्या आधी जातो: ‘इट युज्वली इज.’

टप्पा ८: एका मसुद्यावर सगळे टप्पे लावून पाहा

वर्गात सरावासाठी मी पुढील मसुदा देतो. एका इमारतीतील रहिवासी उद्वाहन (लिफ्ट) दुरुस्त करणाऱ्या कंपनीला लिहीत आहे, असे समजावे.

‘ऑलवेज द लिफ्ट इज नॉट वर्किंग. आय ॲम डेली क्लाइंबिंग फोर फ्लोअर्स. आय ॲम टेलिंग थर्ड टाइम. नोबडी नेव्हर रिप्लाइज. मोस्टली युअर मॅन विल कम आफ्टर एट डेज. प्लीज अगेन सर्व्हिस इट.’

पहिले वाक्य चौथ्या टप्प्यावर अडते, पण त्याआधी तिसऱ्यावर तपासावे. उद्वाहन खरोखर कायम बंद आहे का? नाही, वरचेवर बंद पडते. म्हणून ‘द लिफ्ट इज ऑफन आउट ऑफ ऑर्डर.’ दुसऱ्या वाक्यात सवय आहे, म्हणून साधा काळ, आणि मोजलेली वारंवारता शेवटी: ‘आय क्लाइंब फोर फ्लोअर्स एव्हरी डे.’ वास्तविक उद्वाहन बंद असते त्याच दिवशी तो जिने चढतो, तेव्हा ‘आय ऑफन हॅव टू क्लाइंब फोर फ्लोअर्स’ हे अधिक खरे आहे. तिसऱ्याला चौकट लावावी: ‘धिस इज द थर्ड टाइम आय हॅव रिपोर्टेड द प्रॉब्लेम.’ चौथ्यात दोन नकार आहेत, एक काढावा: ‘नोबडी एव्हर रिप्लाइज.’ तक्रार तीनदाच झाली असल्याने येथे ‘नोबडी हॅज रिप्लाइड’ एवढेच लिहिणे अधिक नेमके ठरेल. पाचव्यात शक्यता आहे आणि आठ दिवसांचा आठवडा आहे: ‘युअर टेक्निशियन विल प्रॉबेब्ली कम इन अ वीक.’ पण तक्रार करणाऱ्याने कंपनीच्या माणसाविषयी अंदाज बांधण्याऐवजी मागणी करणे योग्य, म्हणून ‘प्लीज सेंड अ टेक्निशियन विदिन अ वीक.’ सहाव्यात केवळ जागा बदलते: ‘प्लीज सर्व्हिस इट अगेन.’

आता वहीतील आपली दहा वाक्ये याच पद्धतीने घ्यावीत. दिवसाला दोनच वाक्ये करावीत आणि प्रत्येकाखाली कोणत्या टप्प्यावर बदल झाला तो आकडा लिहावा. पाच दिवसांनी ज्या टप्प्याचा आकडा सर्वाधिक वेळा आला असेल, तेथूनच पुढच्या दहा वाक्यांचा सराव सुरू करावा.